निरीक्षकाशिवाय कायदा : राज्याच्या कामगार विभागास खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच कामगार विभागातील सर्व अधिकारी व निरीक्षक

विषय : बालमजुरीविरोधी कायद्यांची तपासणी, आणि पहिल्या कारखाना कायद्यांचा त्याबाबतचा अनुभव

महोदय,

स. न. वि. वि.

कारखान्यांतील मुलांच्या कामाला बंधने घालणारे पहिले कायदे इंग्लंडमध्ये १८०२ पासून आणि आपल्याकडे १८८१ पासून झाले. ते कोणी केले, कोणाच्या दबावाखाली केले, त्यामागे भूतदया किती आणि व्यापारी हिशेब किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते पाळले गेले का, आणि जिथे पाळले गेले तिथे नेमके कशामुळे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. ते आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे की, २०२० साली संसदेने मंजूर केलेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता राबवताना राज्यातील तपासणीची घडी नव्याने बसवली जात आहे. ती बसवणाऱ्यांच्या टेबलावर जुन्या तपासणीचा इतिहासही असावा, एवढाच माझा हेतू आहे.

सुरुवात १८०२ च्या कायद्यापासून करतो. अनाथालयांतून सूतगिरण्यांत पाठवल्या जाणाऱ्या उमेदवार, म्हणजे शिकाऊ, मुलांसाठी तो होता, आणि तो मांडणारे सर रॉबर्ट पील हे स्वतः गिरणीमालक होते. दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त काम नको, रात्रपाळी नको, मुलांना थोडेफार शिक्षण मिळावे, अशी त्यातली कलमे वाचताना आजही नाव ठेवायला जागा सापडत नाही. तपासणीचे काम मात्र स्थानिक न्यायाधीशांनी नेमलेल्या पाहणी करणाऱ्या दोघांवर, म्हणजे एक न्यायाधीश आणि एक धर्मोपदेशक यांच्यावर सोपवले होते. हे दोघे त्याच गावचे, त्याच मालकाच्या पंगतीला बसणारे, आणि या कामाचा एक पैसाही न मिळणारे. पुढे १८१९ मध्ये ९ वर्षांखालील मुलांना सूतगिरणीत कामावर घेण्यास बंदी झाली आणि ९ ते १६ वयाच्या मुलांसाठी १२ तासांची मर्यादा आली. पण तो कायदा पाळला जातो का हे पाहायला कोणीच नेमलेला नव्हता. १८३१ पर्यंत मामला इतका उघडा पडला की, गिरणीमालक, त्याचा बाप, मुलगा किंवा भाऊ न्यायाधीश असेल तर त्याने अशा खटल्याची सुनावणी करू नये, असे कायद्यात लिहावे लागले. असे कलम कायद्यात येते तेव्हा त्याआधी काय चालले होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

म्हणजे सुमारे ३० वर्षे कायदा होता आणि त्याचा कोणालाही त्रास नव्हता.

फरक पडला तो १८३३ च्या कायद्याने. रेशीमगिरण्यांचा अपवाद वगळता कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना त्याने बंदी केली, ९ ते १३ वयाच्या मुलांना आठवड्याला ४८ तास आणि १३ ते १८ वयाच्यांना ६९ तास ठरवून दिले, आणि १८ वर्षांखालील कोणालाही रात्री कामावर ठेवू नये असे सांगितले. हे आकडे शाळेच्या पुस्तकांत येतात. त्या पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट अशी की, या कायद्याने पहिल्यांदाच सरकारी पगारावर चार निरीक्षक नेमले : लिओनार्ड हॉर्नर, थॉमस हॉवेल, रॉबर्ट रिकार्ड्स आणि रॉबर्ट सॉन्डर्स. हजारो गिरण्यांना चार माणसे, हे प्रमाण हास्यास्पदच होते. परंतु ही माणसे स्थानिक मालकाच्या मेहेरबानीवर जगत नव्हती, गिरणीत शिरण्याचा त्यांना कायद्याने हक्क होता, आणि जे पाहिले त्याचा अहवाल त्यांना ठरावीक मुदतीने गृहमंत्र्यांना द्यावा लागे. ते अहवाल छापले जात. त्या काळच्या गिरण्यांविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग याच अहवालांतून आलेला आहे.

या निरीक्षकांच्या मदतीला सुपरिंटेंडंट म्हणून कनिष्ठ अधिकारी दिले होते. त्यांच्या अधिकारांतली खोच आपल्या विभागाने मुद्दाम लक्षात घ्यावी. त्यांना गिरणीच्या कचेरीत जाता येई, मुलांची शाळा पाहता येई, वह्या तपासता येत. पण जिथे प्रत्यक्ष यंत्रे चालत त्या खोलीत मालकाच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येत नसे. वही बाहेर, मूल आत. दाराशी परवानगी मागण्यात जो वेळ जाई तेवढ्यात लहान मुलांना मागच्या दाराने काढून देणे किंवा शौचालयात नेऊन लपवणे मुकादमाला सहज जमे. हा दोष दुरुस्त व्हायला १८४४ साल उजाडले. तोवर अकरा वर्षे कायद्याचा अर्धा हात बांधलेलाच होता, आणि तो बांधला होता कायदा लिहिणाऱ्यांनीच.

यानंतरचा प्रश्न वयाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ९ वर्षांची अट घातली खरी, पण समोर उभे असलेले मूल ९ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? इंग्लंडमध्ये जन्मांची सरकारी नोंद १८३७ च्या जुलैपासून सुरू झाली. त्या वर्षी नोंदलेले मूल १३ वर्षांचे व्हायला १८५० यावे लागले. मधल्या काळात सगळा भार डॉक्टरच्या दाखल्यावर होता. मूल साधारण ९ वर्षांच्या मुलाइतके धडधाकट आणि तेवढेच दिसते, असे डॉक्टरने लिहून दिले की झाले. सुरुवातीला तर दाखला कोणत्या डॉक्टरचा असावा याचेही बंधन नव्हते, त्यामुळे दाखले विकत मिळू लागले. थोरल्या भावाला डॉक्टरपुढे उभे करायचे आणि त्याच्या दाखल्यावर धाकट्याला कामावर पाठवायचे, ही युक्तीही सर्रास चाले. निरीक्षकांनी उंचीचे माप लावून पाहिले. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने मुलांच्या दातांवरून वय ओळखण्याची पद्धत संसदेपुढे मांडली, आणि उंचीपेक्षा ती अधिक भरवशाची असल्याचे दाखवून दिले. अखेर १८४४ च्या कायद्याने दाखला देणारे डॉक्टर नेमण्याचा अधिकार निरीक्षकांकडे दिला, तेव्हा कुठे या बाजाराला थोडा आळा बसला.

शाळेच्या दाखल्यांची कथा याहून विदारक आहे. १८३३ च्या कायद्याप्रमाणे गिरणीतल्या मुलांना रोज दोन तास शाळा मिळायला हवी होती आणि ती मिळाल्याचा दाखला मास्तरने द्यायचा होता. निरीक्षकांनी दाखले तपासले तेव्हा काहींवर सहीच्या जागी फुली आढळली, कारण मास्तरला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. पुढच्या कायद्यात दाखला मास्तरच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवा, अशी अट घालावी लागली. कागद पुरा करायचा आणि काम सोडून द्यायचे, ही वृत्ती आपल्याकडचीच म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तिचा पूर्वज यॉर्कशायरमध्येही भेटतो.

वय ठरले तरी तास मोजायचे राहतात. गिरणी पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले आणि मुलांना त्यातले काहीच तास काम करायचे असे. मग मालकांनी मुलांच्या टोळ्या पाडल्या. एक टोळी सकाळी दोन तास, मग बाहेर, मग दुसऱ्या खात्यात, मग पुन्हा पहिल्या ठिकाणी, अशी त्यांची दिवसभर फिरवाफिरव चाले. कोणते मूल किती वाजता लागले आणि किती वाजता सुटले, हे शोधायचे तर निरीक्षकाला एकाच गिरणीत दिवसभर ठाण मांडून बसावे लागले असते. १८४४ च्या कायद्याने यावर दोन साधे उपाय केले. पहिला असा की, सकाळी गिरणीत एक जरी मूल कामाला लागले, तरी त्या क्षणापासून सर्वांचे तास मोजायचे. दुसरा असा की, वेळ गिरणीच्या घड्याळावर धरायची नाही, सार्वजनिक घड्याळावर धरायची. उदाहरणार्थ जवळच्या रेल्वे स्थानकाच्या. मालकाच्या भिंतीवरचे घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे जाते, हे तोवर निरीक्षकांना पुरते कळून चुकले होते. तरीही टोळ्यांचा खेळ लगेच थांबला नाही. न्यायालयांत त्यावर वाद झाले, आणि १८५० व १८५३ च्या कायद्यांनी कामाच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट बांधून दिला, तेव्हा तो आटोक्यात आला. मुलाने किती तास काम केले हे शोधत बसण्यापेक्षा अमुक वाजल्यानंतर मूल गिरणीत दिसताच कामा नये, हे पाहणे निरीक्षकाला कितीतरी सोपे जाते. कायद्याचा मसुदा करणाऱ्याने तपासणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार केला की अशी कलमे सुचतात.

आता मुंबईकडे येतो. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांचे भोंगे परळ-भायखळ्यापर्यंत पोहोचले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांतली मुले सूतखात्यात भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या लावण्याच्या कामावर असत. बोटे लहान, चपळ, आणि मजुरी जेमतेम. दिवे नव्हते तोवर गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात पाळी लांबे आणि हिवाळ्यात आखूड होई. १८७५ मध्ये मुंबईत पहिला कारखाना आयोग बसला, पण गिरणीमालकांचा भरणा असलेल्या त्याच्या बहुमताला कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये केलेला मसुदा मुंबई सरकारने पुढे नेला नाही. अखेर १८८१ चा कायदा आला : ७ वर्षांखालील मुलांना बंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास, मधे एक तास सुटी आणि महिन्यातून चार दिवस रजा.

या कायद्यामागे मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या मालकांचा हात होता, हा आपल्या वृत्तपत्रांचा संशय निराधार नव्हता. परंतु हेतू शुद्ध नव्हता म्हणून ७ वर्षांच्या मुलाला गिरणीत राबवणे योग्य ठरत नव्हते. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखले होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वर्षीच्या मुंबई कारखाना आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला मदत या त्यांच्या मागण्या आपणास ठाऊक आहेतच. त्या काळी कामगारांच्या बाजूने कायदा मागणे म्हणजे परक्यांच्या हातातले बाहुले होणे असे मानणारे पुष्कळ होते; लोखंडे यांनी तो आरोप अंगावर घेतला.

अंमलबजावणीत मात्र १८८१ च्या कायद्याने इंग्लंडच्या चुका नव्याने केल्या, आणि त्याही तिकडचे सगळे अहवाल छापून झाल्यावर. स्वतंत्र निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा दंडाधिकारी हाच पदसिद्ध निरीक्षक. सारावसुली, दुष्काळ, फौजदारी कामकाज आणि पाहुणचार यांतून वेळ उरला तर त्याने गिरणी पाहायची. १८८२ मध्ये मीड किंग या इंग्लंडमधल्या निरीक्षकाला मुंबईत आणले गेले, पण तेही तात्पुरते. वयाचा पुरावा तर जवळपास कोणाकडेच नव्हता. मूल कोणत्या सालचे हे आईला विचारले तर ती थोरल्या दुष्काळाच्या आधीचे की नंतरचे एवढेच सांगू शकत असे, आणि ते सांगणे कायद्यापुढे टिकणारे नव्हते.

शिवाय या कायद्याची व्याप्तीच तोकडी होती. यंत्रशक्तीवर चालणारा, १०० किंवा अधिक माणसे असणारा आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणारा तोच कारखाना. खानदेशातले कापसाचे जिनिंगचे कारखाने लहान आणि हंगामी असल्याने बहुतेक सुटले. १८८४ च्या मुंबई आयोगापुढे त्या कारखान्यांतल्या बायकांच्या अतोनात लांब पाळ्यांविषयी जी साक्ष झाली ती वाचवत नाही. १८९१ च्या कायद्याने संख्येची अट ५० वर आणली, किमान वय ९ केले आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना ७ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ही अट २० वर आली आणि किमान वय १२ झाले. १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तर १० आणि नसेल तर २० माणसे धरली, आणि किमान वय १४ केले. म्हणजे ६७ वर्षांत १०० चे १० झाले. प्रत्येक टप्प्यावर अनुभव एकच होता : मोठ्या गिरणीत कायदा लागू झाला की मुले लहान कारखान्याकडे सरकत, आणि कायद्याला त्यांच्या मागे जावे लागे.

मधल्या काळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलांचे तास कमी झाल्यावर अहमदाबादेत एकच मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, दोन वेगळ्या दाखल्यांवर काम करताना आढळू लागले. दोन्ही मालकांच्या वह्या निर्दोष, दोन्ही दाखले खरे, आणि मुलाचा दिवस पूर्वीइतकाच लांब. १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलाच्या पालकांवर दंडाची तरतूद केली. मला ही तरतूद कधीच पटलेली नाही. घरात पोटाला कमी पडते म्हणून जे आईबाप मुलाला दुसऱ्या गिरणीच्या दारात उभे करतात, त्यांच्याकडून दंड वसूल करून कोणाचे भले होणार होते? दोन गिरण्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहणारा माणूस असता तर त्याची गरजच पडली नसती.

हा सगळा इतिहास मी आज का उगाळतो आहे, असे आपण विचाराल. १०० चे १० होण्याचा जो प्रवास मी वर सांगितला, तो नव्या संहितेने उलटा फिरवला आहे. कारखाना म्हणवण्यासाठी यंत्रशक्ती असेल तर २० आणि नसेल तर ४० माणसे, अशी आता व्याख्या आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या कामावरची बंदी या संख्येवर अवलंबून नाही, ती वेगळ्या कायद्याने सगळीकडे लागू आहे, याची मला कल्पना आहे, आणि विभागाकडून हेच उत्तर येईल हेही मला ठाऊक आहे. पण कारखान्याच्या व्याख्येतून बाहेर पडलेल्या जागेची नोंदणी, नकाशा, हजेरीपट आणि निरीक्षकाची नेहमीची फेरी यांतले काय उरते? धारावीच्या माळ्यावर जरीकामाची किंवा चामड्याच्या पिशव्यांची बारा-पंधरा माणसांची खोली असते, तिला यापुढे कोणत्या यादीत शोधायचे? बंदी राहिली आणि दार कोणते ते मात्र कागदावरून पुसले गेले, तर आपण १८१९ च्या जवळ जातो.

दुसरे साम्य जिल्हाधिकाऱ्यांचे. २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देण्याची तरतूद केली. निवडणुका, पीकविमा, पाणीटंचाई आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणखी एक समिती सोपवली की तिचे काय होते, हे आपण आतून जाणता. १८८१ चा अनुभव याहून वेगळा नव्हता. जिल्हाधिकाऱ्याचा दबदबा छाप्याच्या दिवशी उपयोगी पडतो. रोजच्या पाहणीला ज्याचे तेच काम आहे असा माणूस लागतो.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या अपवादाची. त्याच दुरुस्तीने शाळेनंतर आणि सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मुलांनी मदत करायला मुभा दिली, आणि कुटुंबात आईबाप व भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशी यांनाही धरले. लँकेशायरच्या गिरण्यांत तुटलेले धागे जोडणारी मुले बहुधा मालकाच्या पटावर नसतच. सूत कातणारा कारागीर त्यांना स्वतःच्या मजुरीतून ठेवी, आणि पुष्कळदा ती त्याचीच मुले किंवा भाचे-पुतणे असत. मालक हात वर करून सांगे की, ही माझी नोकर नव्हेत. आज वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या फडात कामाचा हिशेब कुटुंबाच्या नावाने होतो तेव्हा मुकादम तेच सांगतो. कुटुंब हे संरक्षण आहे की आडोसा, हे ठरवण्यासाठी पुन्हा कोणाला तरी जागेवर जावेच लागते.

नव्या संहितेने निरीक्षक या पदाचे नाव बदलून ‘निरीक्षक-सह-सुविधाकार’ केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तपासणीच्या नावाखाली चालणारी हप्तेबाजी खरी होती, लहान उद्योजकांनी तिचा जाच सोसला आहे, आणि कोणी कुठे जायचे हे संगणकाने ठरवावे यामागचा विचार मला समजतो. परंतु संगणक त्याच्याकडे नोंद असलेल्या आस्थापनांतूनच चिठ्ठी काढणार. जिथे मुले राबतात त्या जागांची मुळात नोंदच नसते. यासाठी संगणकाच्या निवडीबाहेरही तक्रारीवरून, शाळेच्या कळवण्यावरून किंवा स्वतःच्या माहितीवरून निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, रात्रीही, कामाच्या जागेत थेट शिरता आले पाहिजे, आणि त्यासाठी वरच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. कामगार तपासणीविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्ये स्वीकारला आहे आणि त्यात हाच हक्क नमूद आहे. राज्याच्या नियमांत तो स्पष्ट शब्दांत यावा, ही माझी पहिली विनंती आहे.

वयाच्या पुराव्याबाबतही नियम स्पष्ट हवेत. आधार कार्डावरची तारीख अनेकदा सांगोवांगी असते, आणि शाळेच्या दाखल्यांवरून पाहिले तर निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झाला आहे. तरीही शाळेचा पट हा सहसा मूल कामाला लागण्यापूर्वीचा कागद असतो, म्हणून तो छाप्यानंतर मालकाने पुढे केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा, मूल परराज्यातले असेल तर त्या गावच्या शाळेकडून तो मागवावा, आणि तो येईपर्यंत मुलाला त्याच मालकाच्या माणसाच्या ताब्यात देऊ नये. क्ष-किरण तपासणीत दोन-एक वर्षांचा फरक पडू शकतो हे डॉक्टरच सांगतात. त्या फरकाचा फायदा कोणाला द्यायचा हे नियमाने ठरवावे, प्रत्येक न्यायालयावर सोडू नये. सलग ३० दिवस न कळवता शाळेत न आलेल्या मुलाची माहिती मुख्याध्यापकाने द्यावी, अशी तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहेच. ती माहिती विभागात कोणाच्या टेबलावर येते आणि पुढे तिचे काय होते, हे जाहीर व्हावे.

शेवटची विनंती अहवालांची. हॉर्नर आणि त्याचे सहकारी दर सहा महिन्यांनी काय पाहिले ते लिहीत आणि ते छापले जाई, म्हणून मालकांना, खासदारांना आणि वर्तमानपत्रांना त्यांची दखल घ्यावी लागली. २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयोगटातली सुमारे १ कोटी मुले काम करताना आढळली होती. त्यानंतरची मोजणी अजून हाती नाही, त्यामुळे आज राज्यात काय स्थिती आहे हे आपल्या निरीक्षकांखेरीज कोण सांगणार? विभागाने दर सहा महिन्यांनी तालुकानिहाय अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात किती जागी निरीक्षक प्रत्यक्ष गेले, त्यांतल्या किती भेटी रात्रीच्या होत्या, किती मुले सापडली, कोणत्या कामात सापडली, किती खटले दाखल झाले, किती निकाली निघाले आणि निरीक्षकांची किती पदे रिकामी आहेत, एवढे आले तरी पुरे. मुलांची नावे किंवा ओळख त्यात अर्थातच नसावी. पहिला अहवाल येत्या अधिवेशनात विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लोकांना पाहायला मिळावा, अशी मागणी मी या पत्राद्वारे करतो.

कळावे,

आपला,
गिरणगावच्या इतिहासाचा एक अभ्यासक, मुंबई